तंजावरला जाताय? मग नुसतं देऊळ बघून निघू नका

पायवाट

तमिळनाडूच्या सहलीचा बेत कुणी इथे टाकला की तंजावरच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. सकाळी त्रिचीहून निघायचं, बृहदीश्वर पाहायचा, जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत कुंभकोणम नाहीतर मदुराई गाठायची. असे बेत वाचले की जीव तुटतो. या शहरात जवळजवळ १८० वर्षं भोसल्यांची गादी होती. इथे मराठीत नाटकं लिहिली गेली, मोडीत दफ्तर चाललं, मराठी कीर्तन तमिळ मुलखात रुजलं. आणि आपली माणसं शिखराचा फोटो काढून गाडीत बसतात. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांना तिथली माहिती आहे त्यांनी भर घाला.

देवळापासूनच सुरुवात करू. राजराज चोळाने बांधलेलं हे देऊळ १०१० साली पूर्ण झालं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे ६६ मीटर उंच, सगळं ग्रॅनाइटचं, आणि हा दगड तंजावरच्या आसपास मिळत नाही, लांबून आणलेला आहे. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं गाइड हमखास सांगतात. ते खरं नाही, सावली चांगली पडते. त्यापेक्षा जोत्यावर कोरलेले तमिळ लेख कुणा जाणकाराकडून समजून घ्या. अखंड दिव्याच्या तुपासाठी किती मेंढ्या दिल्या, देवळाच्या सेवेत आणलेल्या ४०० नर्तकी कोणत्या गावच्या, त्यांची नावं काय, कोणाला कोणत्या गल्लीतलं घर दिलं, हे सगळं तिथे नावानिशी लिहिलेलं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं नाव आणि घराचा पत्ता दगडावर वाचायला मिळणं ही मला त्या उंच विमानाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

मग प्रदक्षिणेच्या वाटेने मागच्या बाजूला जा. ओवऱ्यांत शिवलिंगं ओळीने मांडली आहेत, भिंतींवर जुनी चित्रं आहेत. तिथेच नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली, म्हणजे शके १७२५ मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला. मजकूर बाबुराव चिटणिसांचा. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख अशी त्याची ख्याती आहे. लिपी देवनागरी, त्यामुळे थोडा वेळ डोळे स्थिर केले की मालोजी, शहाजी, एकोजी (म्हणजे व्यंकोजी) अशी नावं उमटायला लागतात. मी वाचत उभी असताना एक तमिळ कुटुंब शेजारी येऊन थांबलं. आजीबाईंनी खुणेने विचारलं, हे वाचता येतं का? मी एक ओळ मोठ्याने वाचली, मुलाने ती इंग्रजीतून आजीला समजावली. आजीबाई म्हणाल्या, आम्ही लहानपणापासून या भिंतीजवळून जातोय, आज आवाज ऐकला. आपले लोक तिथवर जातात आणि त्या कोपऱ्यात वळत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

एक सूचना. दुपारी गाभारा बंद असतो आणि फरशी पायाला चटके देते. पहाटे जा किंवा चारनंतर जा. शिलालेखासाठी संध्याकाळचं तिरकं ऊन चांगलं, अक्षरं उठून दिसतात.

राजवाड्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते.

सह्यवेडा

पायवाट, उत्तम धागा. वाचून अभिमानाने ऊर भरून आला. महाराजांच्या घराण्याने कावेरीकाठी राज्य केलं हे शाळेत एका ओळीत संपतं. माझा एक प्रश्न आहे. राजवाड्यात, देवळात मराठी फलक का नाहीत? मराठ्यांनी तिथे इतकं केलं, मग मराठीला तिथे मान नको का? आणि व्यंकोजीराजांनी तंजावर नक्की कधी घेतलं?

पायवाट

सह्यवेडा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मराठ्यांच्या आधी तंजावरात नायक घराणं राज्य करत होतं. त्यांच्यात वारसाहक्काचा कलह पेटला, मदुराईच्या नायकांनी तंजावर बळकावलं, आणि विजापूरकरांनी व्यंकोजीराजांना तिकडे धाडलं. १६७५-७६ च्या सुमारास ते स्वतःच गादीवर बसले. पुढे १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयावर असताना शिवाजी महाराज कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीला थांबले, तिथे दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीच्या वाट्यावरून बोलणं फिसकटलं आणि व्यंकोजीराजे रातोरात नदी ओलांडून तंजावरला परतले. ते गाव तंजावरपासून फार लांब नाही. वाटेत कोळ्ळिडमचं रुंद, वाळूचं पात्र दिसतं, ते पाहिलं की त्या रात्रीचा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो.

फलकांबद्दल मला वेगळं वाटतं, पण ते 'कावेरीकाठ' माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. तेही या फोरमवर आहेत, मूळचे तिकडचे.

कावेरीकाठ

पायवाट ताईंनी हाक मारली म्हणून लिहितो. माझी मराठी तुम्हाला थोडी जुनी वाटेल, सांभाळून घ्या. आमचं घराणं सहा-सात पिढ्या कुंभकोणमला आहे. घरात मराठी बोलतो, लिहितो तमिळमध्ये.

सह्यवेडा, तुमचा अभिमान मला कळतो. पण तंजावरचे राजे कोणत्या भाषेत लिहीत होते ते पाहा. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे, १६८४ ते १७१२ पर्यंत गादीवर. 'पल्लकी सेवा प्रबंधमु' हे त्यांचं नाव झालेलं नाटक तेलुगूत आहे, तिरुवारूरच्या त्यागेशाची पालखी हा त्याचा विषय. त्यांनीच मराठीत 'लक्ष्मीनारायण कल्याण' लिहिलं, ते मराठीतल्या सर्वांत जुन्या नाटकांपैकी मानतात. आणि 'पंचभाषाविलास' हे तर पाच भाषांचं नाटक. कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरचं अग्रहार (ब्राह्मणांची वस्ती) त्यांनी विद्वानांना दान दिलं, त्याला शहाजिराजपुरम म्हणत. तिथे राहणारे पंडित तमिळ, तेलुगू, संस्कृत सगळ्यांतले. राजाने कधी विचारलं नाही की तुझी भाषा कोणती.

आमच्या पूर्वजांनी इथे मराठी लादली नाही. कानडी, तेलुगू, तमिळ शेजाऱ्यांबरोबर राहिले, म्हणून मराठी इतक्या वर्षांनी आमच्या स्वयंपाकघरात टिकली. आजही मोठ्या देवळासह ८८ देवळं तंजावरच्या राजघराण्याच्या देवस्थानाकडे आहेत, वडीलधारे राजे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत. पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मनचं देऊळ व्यंकोजीराजांच्या काळातलं. आषाढात, आमच्या आडी महिन्यात, तिथली गर्दी बघायला या. त्या गर्दीत कोणी मराठा-तमिळ असा भेद करत नाही. मला हाच मान मोठा वाटतो.

सह्यवेडा

कावेरीकाठ, तुम्ही लिहिलंत ते मनापासून पटलं. पाच भाषांचं नाटक लिहिणारा भोसले राजा मला माहीत नव्हता. तुमची भाषा जुनी नाही, गोड आहे. लिहीत राहा.

पायवाट

आता राजवाडा. तिथले लोक 'अरण्मनै' म्हणतात, रिक्षावाल्याला तेच सांगा. मूळ बांधकाम नायकांचं, मराठ्यांनी वाढवलं. मराठा दरबार हॉलचे रंगवलेले खांब आणि कमानी सुंदर आहेत, पण बऱ्याच ठिकाणी डागडुजीची गरज दिसते. कलादालनातल्या चोळकालीन पंचधातूच्या मूर्तींसाठी भरपूर वेळ ठेवा. सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळाही इथेच आहे, हात जोडून उभे.

पण मी सगळ्यांना सांगेन ते सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळात सुरू झालं, सरफोजीराजांनी वाढवलं, १९१८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि तीन हजारांहून जास्त मराठी हस्तलिखितं. सामान्य पर्यटकाला आतल्या कपाटांपर्यंत जाता येत नाही, शेजारचं छोटं संग्रहालय पाहता येतं. तिथे ताडपत्रं आहेत, जुने नकाशे आहेत, आणि माणसाचा चेहरा व प्राण्याचा चेहरा शेजारी शेजारी काढून साम्य दाखवणारी फ्रेंच चित्रमालिका आहे. घुबडासारखा माणूस, मेंढ्यासारखा माणूस. दोनशे वर्षांपूर्वी एक राजा या शहरात बसून हे मागवत होता, बघत होता, यावर विचार करत होता. मला तो राजा त्या खोलीत जितका जवळचा वाटला तितका दरबारात वाटला नाही.

सरफोजीराजांबद्दल दोन शब्द लिहिते, कारण महाराष्ट्रात त्यांचं नाव फार कमी जणांना ठाऊक आहे. जन्म १७७७. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांना आधार दिला, शिकवण्याकडे लक्ष दिलं. शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये श्वार्ट्झच्या मृत्युशय्येजवळ उभे असलेले सरफोजी संगमरवरात कोरलेले आहेत, तेही पाहून या, बृहदीश्वराला लागूनच आहे. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. हातात उरला किल्ला आणि तनखा. त्या माणसाने मग काय केलं? छापखाना काढला, 'नवविद्याकलानिधी' नावाचा, देवनागरी खिळे पाडून घेतले आणि मराठी पुस्तकं छापली. इसापाच्या गोष्टींचं मराठी रूपांतर, 'बालबोधमुक्तावली', तिथूनच निघालं. महाराष्ट्रात छपाई रुजायच्या आधीची ही गोष्ट. जगाचा भूगोल समजावणारं 'देवेंद्र कोरवंजी' हे मराठी नाटक त्यांनी लिहिलं. धन्वंतरी महालात वैद्यांकडून औषधांचे प्रयोग करवले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, रुग्णाच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून त्याखाली काय उपचार केला ते लिहिलं. त्या नोंदी ग्रंथालयात आहेत.

राज्य गेलेल्या राजाने हे उभं केलं याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं, आणि आदरही.

मोडीवाचक

थोडी भर. तंजावरच्या दफ्तरातले मोडी कागद ग्रंथालयात आहेत, तसेच तिथल्या तमिळ विद्यापीठातही आहेत, आणि विद्यापीठाने काहींची तमिळ भाषांतरं प्रसिद्ध केली आहेत. म्हणजे मराठी मोडी कागद वाचायला तमिळ अभ्यासक मोडी शिकले. आपल्याकडे किती जण तमिळ शिकून तिकडचा इतिहास वाचतात, हा विचार मला सतत छळतो.

ग्रंथालयात स्वतःच्या प्रकाशनांची विक्री होते, किमती फार कमी असतात. 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' मिळाल्या तर जरूर घ्या. सरफोजीराजे १८२० च्या सुमारास मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले होते, त्या प्रवासाचं हे मराठी काव्य. प्रवासवर्णन आवडणाऱ्यांनी तर सोडूच नये.

दरबारातल्या नाचगाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे चार भाऊ सरफोजीराजांच्या पदरी होते. आज भरतनाट्यमचा जो मार्गम, म्हणजे नृत्यांचा ठरलेला क्रम, शिकवतात, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत, त्याची मांडणी या चौघांची. राजांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत निरूपणं लिहिली. भरतनाट्यमच्या वर्गाला जाणाऱ्या मुलींना हे सांगायला हवं.

बडोद्याची लेक

मोडीवाचक, हाच धागा बडोद्याला येऊन पोचतो. १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तक-वादक बडोद्याच्या दरबारात आले. गौरा आणि कांतिमती या नर्तकींची नावं आमच्याकडे अजून घेतात. पुढे कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी बडोद्याच्या विद्यापीठात भरतनाट्यम शिकवलं. त्या लग्नाच्या वेळी बडोद्याचे दिवाण होते सर टी. माधवराव, ते स्वतः कुंभकोणमचे मराठी. माझी आजी तंजोरकरांचं नाव आदराने घ्यायची. पुढच्या वर्षी तंजावरला जायचं नक्की करतेय.

ताककढी

सगळं वाचलं, आता खाण्याचं सांगा. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं, तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली म्हणून चिंच घातली, ही गोष्ट खरी का? आणि घरगुती जेवण कुठे मिळेल?

कावेरीकाठ

सांबाराची गोष्ट आम्हीही लहानपणापासून ऐकली. ऐकायला छान आहे, पण त्या काळच्या कुठल्या कागदाचा तिला आधार नाही. कुणी इतिहास म्हणून सांगितली तर मानू नका. लिखित आधार असलेल्या गोष्टी त्याहून रंजक आहेत. रघुनाथपंत नवहस्तांनी 'भोजनकुतूहल' हा अन्नावरचा संस्कृत ग्रंथ तंजावरात, व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने लिहिला. सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याची पाककृतींची पोथी 'शरभेंद्र पाकशास्त्र' म्हणून ग्रंथालयाने छापली आहे.

घरगुती म्हणाल तर आमच्याकडची डांगर पच्चडी. उडदाचं भाजलेलं पीठ घट्ट ताकात कालवायचं, मीठ, वरून मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी. तुमच्या घरी डांगर करत असाल तर पहिल्या घासाला ओळख पटेल. आता हे शेजारच्या तमिळ घरांतही करतात. हॉटेलात मात्र क्वचित मिळतं. केळीच्या पानावरचं जेवण कुठल्याही चांगल्या मेसमध्ये खा, आणि तिरुवैयारला मुगाच्या डाळीचा अशोका हलवा खाल्ल्याशिवाय परतू नका.

जास्वंद

पायवाट, मी वीणा शिकते. तंजावरची वीणा बनवणारे कारागीर भेटतात का? सहज जाऊन पाहता येतं?

पायवाट

जास्वंद, येतं. तंजावरच्या वीणेला भौगोलिक मानांकन आहे आणि शहरात आजही घराघरांतून काम चालतं. मी एका कारागिराच्या पडवीत बराच वेळ बसले होते. फणसाच्या लाकडाचा ओंडका पोखरून भोपळा, दांडी आणि याळीचं (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं) तोंड असं एकसंध कोरलं तर ती एकांड वीणा, तिची किंमत जास्त. पण मला खिळवून ठेवलं ते पडद्यांच्या कामाने. दांडीवर मेण आणि कोळशाच्या पुडीचं काळं मिश्रण थापतात, त्यात पितळेचे २४ पडदे बसवतात. मेण गरम आहे तोवरच पडदा पुढेमागे सरकवता येतो. आजोबा एक पडदा लावत, तार छेडत, मान हलवत, तापवलेल्या लोखंडाने मेण मऊ करत आणि पडदा तांदळाच्या दाण्याएवढा सरकवत. मग पुन्हा छेडत. हातात कुठलंही यंत्र नाही, सगळं कानावर. बोलायला भाषा नव्हती, तरी त्यांनी मला एक तार छेडायला दिली. आधी विचारून जा, विकत घ्यायची नसली तर तसं सांगा, लोक आनंदाने दाखवतात. कामाच्या वेळी फोटोसाठी त्यांना थांबवू नका एवढंच.

संगीताचं निघालंच आहे तर तिरुवैयारला जाच. तंजावरपासून १३ किलोमीटर, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराजस्वामी यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला आराधना, म्हणजे त्यांची पुण्यतिथी, असते. शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती म्हणतात. कुणी तिकीट विचारत नाही. नामवंत गायक आणि शिकाऊ विद्यार्थी एकाच सतरंजीवर बसतात.

कीर्तनरंगी

एक राहिलं. मराठी कीर्तनकार तंजावरात गेले, त्यांची कीर्तनं ऐकून एकोणिसाव्या शतकात तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला आजचं रूप दिलं. त्यामुळे तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग या चाली अजून गातात. मी चेन्नईत मार्गळी या तमिळ महिन्याच्या दिवसांत एक हरिकथा ऐकली, शब्द तमिळ आणि चाल दिंडीची. अंगावर काटा आला.

वकिली

राज्य कसं गेलं तेही लिहून ठेवतो. १८५५ मध्ये तंजावरचे दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्याबरोबर खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, तो फिरवला, कारण सरकारने राजसत्तेच्या नात्याने केलेल्या कृतीत न्यायालय हात घालू शकत नाही. हा खटला आम्ही कॉलेजात शिकलो, पण ती बाई तंजावरची राणी होती आणि मराठी होती, हे कुणी सांगितलं नाही.

बडोद्याची लेक

पायवाट, मग मुक्काम किती ठेवू? आईवडील बरोबर आहेत, दोघंही सत्तरीपुढचे.

पायवाट

तंजावरात दोन रात्री तरी ठेवा, आईवडिलांना दुपारी विश्रांती मिळेल असं बघा. मुंबई-बडोद्याहून विमानाने त्रिची गाठलं तर पुढे तासाभराचा रस्ता. चेन्नईहून रात्रीची गाडी आहे, सकाळी उतरवते. पहिल्या दिवशी दुपारनंतर मोठं देऊळ आणि शिलालेख, दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा आणि ग्रंथालय, संध्याकाळी तिरुवैयार. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा. दारासुरमचं देऊळ आणि स्वामिमलैचे मूर्तिकार पाहायचे असतील तर तिसरी रात्र कुंभकोणमला, दोन्ही तिथून जवळ. गाडी असेल आणि हौस असेल तर पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्रकाठी मनोरा आहे, नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून सरफोजीराजांनी बांधलेला. त्यावर पाच भाषांत लेख आहेत, त्यात मराठी आहे. आईवडिलांना तिथले जिने चढवू नका.

आराधनेच्या आठवड्यात जाणार असाल तर खोल्या आत्ताच बघा, ऐन वेळी मिळत नाहीत. कावेरीकाठ, तुमच्या ओळखीत एखादी साधी, स्वच्छ लॉज असेल तर यांना व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवाल का?

कावेरीकाठ

कळवतो. आणि कुंभकोणमला आलात तर जेवायला आमच्याकडे या, डांगर पच्चडी करायला सांगतो घरी.